डोंगरापलीकडचा साक्षीदार

मी नोकरीची सगळी वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, तेही बहुतेक खालापूर आणि कर्जत याच दोन तालुक्यांत. दर वर्षी वर्गातलं एखादं तरी मूल हात वर करून विचारायचं, "बाई, हे खरंच झालं होतं, कशावरून?" मला हा प्रश्न फार आवडायचा. ज्या वर्षी कोणी विचारत नसे त्या वर्षी मीच विचारत असे.

उदाहरण हाताशीच होतं. उंबरखिंड आमच्या खालापूर तालुक्यातली. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला तिथे कोंडीत पकडलं. परमानंदांच्या शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे. पण परमानंद पडले कवी, आणि तेही महाराजांच्या पदरचे. मग त्यांचं सगळंच खरं धरायचं का? त्यासाठी मुलांना चावणीकडे घेऊन जायचं आणि ती अरुंद वाट, बाजूचे चढ, दाट रान स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावायचं. ग्रंथ हा एक साक्षीदार आणि जमीन हा दुसरा. या दोघांनी आपसात काही ठरवलेलं नसतं. तरीही दोघं एकच गोष्ट सांगू लागले की मग इतिहास लिहिणाऱ्याला धीर येतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आज आभाळाचं काय काढलंत? मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईचा आणि कृष्णविवरांचा काय संबंध? परवा माझ्या भाच्यानेही फोनवर हेच विचारलं. "मावशी, तू आता थेट अवकाशात?" त्याला म्हटलं, अरे, आभाळाचा अभ्यास म्हणजे इतिहासच की! जे दिसतं ते सगळं होऊन गेलेलं असतं. आणि तिथेही एका साक्षीदारावर भागत नाही. ही गोष्ट तशाच एका खटल्याची आहे, आणि त्यातला महत्त्वाचा साक्षीदार आपल्या डोंगराच्या पलीकडे, जुन्नर तालुक्यात उभा आहे.

आधी खटला सांगते.

भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, आपल्यापासून साधारण ३९ कोटी प्रकाशवर्षं दूर, दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. (आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो दीर्घिका एकत्र नांदतात तो दीर्घिकासमूह.) तिथून निघालेला प्रकाश आज आपल्यापर्यंत पोचतो, म्हणजे ३९ कोटी वर्षांपूर्वीची बातमी आज आपल्या हाती येते. आपल्या सह्याद्रीचा कातळ ज्या लाव्हारसातून घडला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. या बातमीपुढे सह्याद्री म्हणजे कालचं पोर!

अशा समूहात दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो, आणि एवढा तापलेला वायू क्ष-किरण सोडतो. हॉस्पिटलात फोटो काढतात तेच क्ष-किरण. 'चंद्रा' या अमेरिकी उपग्रह-दुर्बिणीने या समूहाचे असे फोटो काढले होते. २०१६ मध्ये नॉर्बर्ट वेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यांना वायूची एक कड विचित्र दिसली. ती आतल्या बाजूला वळलेली होती, कोणीतरी मोठ्या डावाने भात खरवडून काढावा तशी.

हे कोणी केलं असेल? संशय अर्थातच मधल्या दीर्घिकेच्या पोटातल्या कृष्णविवरावर होता. कृष्णविवर सगळं गिळतं असं आपण ऐकलेलं असतं, पण ते अर्धंच खरं आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू भोवऱ्यासारखा फिरतो, प्रचंड तापतो, आणि त्यातला काही भाग आत न पडता दोन विरुद्ध दिशांना, प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने बाहेर फेकला जातो. हेच ते झोत. हे झोत भोवतालच्या वायूत घुसतात आणि उकळत्या पिठल्यात बुडबुडा फुगावा तसे पोकळ फुगे तयार करतात. म्हणून संशय आला. पण एवढी मोठी पोकळी करायला लागणारी ऊर्जा इतकी अफाट निघाली, की त्या मंडळींनीच हा तर्क संभवनीय नाही म्हणून बाजूला ठेवला. एका साक्षीदाराच्या जबानीवर एवढा मोठा आरोप ठेवणं त्यांना पटलं नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला त्यांचं वागणं फार योग्य वाटतं.

दुसरा साक्षीदार लागणार होता, आणि तो रेडिओ लहरींचा. हा साक्षीदार आपल्याकडे कसा आला, तो इतिहास थोडा मागे जाऊन सांगावा लागेल.

कृष्णविवराचा झोत माणसाने पहिल्यांदा पाहिला तो साध्या प्रकाशात. १९१८ मध्ये हेबर कर्टिस या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने एम ८७ या दीर्घिकेतून निघालेला एक सरळ किरण नोंदवून ठेवला. तो काय आहे हे त्या वेळी कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल जान्स्की नावाचा इंजिनिअर अमेरिकेत टेलिफोन कंपनीसाठी रेडिओतली खरखर कुठून येते ते शोधत होता. त्यातली एक खरखर रोज चार मिनिटं आधी यायची. तारेही रोज चार मिनिटं आधी उगवतात! म्हणजे ही खरखर पृथ्वीवरची नव्हती. ती आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येत होती. रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं ते असं, खरखरीतून.

१९५३ मध्ये इंग्लंडात जेनिसन आणि आपल्या बंगालचे मृणालकुमार दासगुप्ता यांनी दाखवलं, की हंस तारकासमूहातला एक प्रखर रेडिओ स्रोत हा एक ठिपका नसून दोन ठिपके आहेत, आणि त्यांची दीर्घिका दोन्हींच्या मधोमध बसली आहे. खांद्यावरच्या कावडीसारखं. माणूस मध्ये आणि दोन घागरी दोन बाजूंना. त्या घागरी भरणारे झोत असतात हे नंतर उलगडत गेलं. एका भारतीयाचं नाव या शोधावर आहे, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी दिसलं नाही.

आता आपल्या गाडीमार्गावर येऊ. कर्जतहून लोकलने मुंबईकडे निघालं की भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर करत कल्याण येतं. भारतातल्या रेडिओ दुर्बिणींच्या परंपरेची सुरुवात या कल्याणजवळ झाली, हे आपल्या किती जणांना माहीत असेल? गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९५३ ते १९५५ ऑस्ट्रेलियात शिकत होते. सिडनीजवळ सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या वापरून झाल्या होत्या. त्या भारताला देऊन टाका, असं स्वरूपांनी सुचवलं आणि ऑस्ट्रेलियाने त्या खरंच दिल्या. काही वर्षं त्या दिल्लीत पडून होत्या. दरम्यान स्वरूप अमेरिकेत गेले. तिथून त्यांनी आणि काही भारतीय मित्रांनी, आम्हाला परत येऊन काम करायचं आहे, असं मायदेशी कळवलं. होमी भाभांनी १९६२ च्या जानेवारीत तार करून होकार दिला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९६५ मध्ये त्या ३२ तबकड्या कल्याणजवळ ओळीने उभ्या राहिल्या. त्यांनी सूर्याचा अभ्यास केला. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरी रेडिओ म्हणजे बातम्या आणि गाणी. सूर्यसुद्धा रेडिओवर 'लागतो' आणि तो ऐकणारी माणसं आपल्या लोकलच्या वाटेवर बसलेली आहेत, हे कोणी सांगितलं असतं तर वडिलांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

कल्याणला हात बसल्यावर स्वरूपांनी पुढची उडी घेतली ती उटीला. १९७० मध्ये तिथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली, तीही डोंगराच्या उतारावर. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश. तेवढ्याच कलाचा उतार शोधून काढला, म्हणजे दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि एकाच बाजूने फिरवत एका ताऱ्याचा तासन्तास पाठलाग करता येतो. मोठं यंत्र परवडत नाही तर डोंगर कामाला लावा, हे खास आपल्याकडचं डोकं! चंद्र एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो तो क्षण पकडून तिथून त्या स्रोताची जागा आणि आकार काढत. त्यावरून १९७५ मध्ये विजय कपाही आणि स्वरूप यांनी दूरच्या रेडिओ दीर्घिकांच्या आकारांचा अभ्यास मांडला. विश्व पूर्वी वेगळं होतं, ते बदलत आलेलं आहे, याच्या बाजूचा तो पुरावा होता. विश्व सदासर्वदा सारखंच आहे असं मानणाऱ्या सिद्धांताच्या बाजूने आपले जयंत नारळीकर होते. पुढे नारळीकरांनी पुण्यात आयुका उभारली आणि स्वरूपांचं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्रही पुणे विद्यापीठाच्या त्याच आवारात आलं. मतं वेगळी आणि शेजार एक. आज दोघंही नाहीत. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० ला गेले, नारळीकर २० मे २०२५ ला.

आणि मग खोडद.

नारायणगावजवळच्या या गावाच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मधोमध आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. सगळ्या मिळून एक दुर्बीण. तिचं नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, लोक जीएमआरटी म्हणतात. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती जगातल्या वैज्ञानिकांसाठी अर्पण झाली. तबकड्या पत्र्याच्या नाहीत, पोलादाच्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. चाळणीतून रवा पडतो, तांदूळ पडत नाही. तसा जाळीतून वारा आरपार जातो, पण जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठ्या असलेल्या रेडिओ लहरी परत फिरतात. वाऱ्याचा मार कमी, म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही कमी.

निवृत्तीनंतर एकदा फेब्रुवारीअखेरीला, विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांना आत सोडतात तेव्हा, मी जाऊन आले. मुरबाडवरून माळशेज घाट चढून गेलो. ऊस आणि कांद्याच्या शेतांमध्ये त्या पांढऱ्या तबकड्या वर तोंड करून उभ्या होत्या. आत शिरताना सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडून बसली होती. एका मुलीने मला न अडखळता रेडिओ लहर समजावून सांगितली. मी तिला मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

हीच जागा का, याचं उत्तर ऐकून मला आपल्या डोंगरांकडे नव्याने बघावंसं वाटलं. तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे, भोवतीचे डोंगर तो अडवतात, पुणं जवळ आहे, आणि अक्षांश असा की वरचं वातावरणही त्यामानाने शांत असतं. मुंबईची टीव्ही केंद्रं, मोबाईलचे मनोरे, कारखाने सगळं आपल्या बाजूला. कर्जतच्या पूर्वेला भीमाशंकरच्या रांगेची जी भिंत रोज दिसते, ती आपण पावसाची भिंत म्हणून ओळखतो. ढग अडवून आपल्याकडे पाणी पाडणारी. तीच रांग पलीकडच्या त्या कानांवर हातही धरते.

आता क्ष-किरणांच्या साक्षीदाराबद्दल दोन शब्द, कारण त्याचा स्वभाव उलटा. रेडिओ लहरी जमिनीपर्यंत येतात, क्ष-किरण वातावरणात अडतात. म्हणून ते पाहायला वर जावं लागतं, फुगे, रॉकेट नाहीतर उपग्रह घेऊन. १९६२ मध्ये जाकोनी आणि सहकाऱ्यांच्या एका रॉकेटवरच्या यंत्राला सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. त्यासाठी जाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं. 'चंद्रा' दुर्बीण वर गेली जुलै १९९९ मध्ये. तिला नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं. आणि २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' गेला, त्यावरची महत्त्वाची क्ष-किरण यंत्रं मुंबईच्या त्याच टाटा संस्थेत घडली.

दोन्ही साक्षीदारांची ओळख झाली. आता खटल्याचा निकाल.

२०२० मध्ये सिमोना जाचिंटुची आणि सहकाऱ्यांनी त्या समूहाची रेडिओ चित्रं तपासली. काही ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीची होती आणि काही खोडदच्या दप्तरात जपून ठेवलेली. क्ष-किरणांना जिथे पोकळी दिसली होती, तीच पोकळी रेडिओ लहरींनी गच्च भरलेली निघाली. एकाची कड दुसऱ्याच्या कडेला बरोबर जुळली, फाटलेल्या दस्तऐवजाचे दोन तुकडे जुळावेत तशी. २०१६ मध्ये बाजूला ठेवलेला तर्कच खरा ठरला. कृष्णविवराच्या झोतांनी केलेला हा तोवर माहीत असलेला सगळ्यांत मोठा स्फोट होता, आधीच्या विक्रमाच्या सुमारे पाचपट. त्या खड्ड्यात आपल्या आकाशगंगेसारख्या पंधरा दीर्घिका एका ओळीत बसतील!

यात खोडदचीच साक्ष का कामी आली, हे मला सगळ्यांत मनोरम वाटतं. झोत कधीच थांबलेले होते. झोतातले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्रात गरगरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. जे सर्वांत तेज ते सर्वांत आधी थकतात. उरतात ते मंद, आणि ते फक्त लांब लहरींवर, मीटरच्या लहरींवर बोलतात. चूल विझल्यावर जाळ दिसत नाही, पण राखेवर हात धरला की आतल्या निखाऱ्याची धग लागते. खोडदची दुर्बीण मीटरच्या लहरींसाठीच बांधलेली आहे. तिला विझलेल्या चुली कळतात.

असे तिचे आणखीही निखारे आहेत. २०१८ मध्ये तिच्या सर्वेक्षणातून तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका मिळाली, सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वीची. २०२४ मध्ये युरोपातल्या दुर्बिणीला २.३ कोटी प्रकाशवर्षं लांबीची झोतांची जोडी दिसली. ती नेमकी कोणत्या दीर्घिकेतून निघते हे शोधायला पुन्हा खोडदची मदत घ्यावी लागली.

पण साक्षीदार जपावा लागतो, आणि त्याची किंमत कोणीतरी मोजत असतं. पुणे ते नाशिक वेगवान रेल्वे नारायणगावकडून न्यायचं ठरत होतं. दुर्बिणीला बाधा येते म्हणून ती आखणी पुढे नेता येत नाही, असं २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. जुन्नर-संगमनेरच्या लोकांनी विरोध केला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रेल्वे असणं म्हणजे काय हे आम्हा कर्जतकरांना पक्कं माहीत आहे. आमची दोन-तीन पिढ्यांची नोकरी, शिक्षण, दवाखाना, सगळं त्या लोकलवर चाललं.

खालापूर तालुक्यात खोपोलीला १९१५ मध्ये टाटांचं वीजघर सुरू झालं. घाटावर पाणी अडवायचं, खाली सोडायचं आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या घरी दिवे लागले नाहीत, ही तेव्हाची खरी जखम. खोडदला कोणाचं गाव बुडालं नाही, हे मान्य. पण तिथलं शेतकरी कुटुंबही काहीतरी देतंच आहे. ते शांतता देतंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दुर्बीण राहायला हवी. तिच्यासारखा साक्षीदार एकदा बहिरा झाला की परत मिळत नाही. तिथल्या माणसांच्या प्रवासाची सोय दुसऱ्या वाटेने, पण लवकर, व्हायला हवी. आणि त्या शांततेत काय ऐकू आलं ते आधी त्यांना, त्यांच्या भाषेत, चावडीवर सांगितलं पाहिजे. भुजंगधारीतल्या त्या पंधरा दीर्घिकांएवढ्या खड्ड्याची साक्ष तुमच्या उसाच्या फडाशेजारून गेली, हे इंग्रजी नियतकालिकात छापून आलं म्हणजे त्यांना कळलं असं होत नाही. विज्ञान दिनाला ती मुलगी मला समजावत होती, ते काम वर्षभर आणि मोठ्या माणसांसाठीही चालायला हवं.

तुमच्यापैकी जे पुण्या-मुंबईचे आहेत त्यांनी फेब्रुवारीअखेरीला मुलांना घेऊन एकदा खोडदला जाऊन यावं. येताना माळशेजच्या माथ्यावर थांबून खाली कोकणाकडे बघा. आपला सगळा गोंगाट तिथे संपतो.

असो. भाच्याला हे सगळं फोनवर सांगायला लागले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, लिहूनच काढ." काढलं. आता वाच म्हणावं!